पाच देश आणि एक गुंडी

पॅरिसहून व्हेनिसला जाताना आम्ही पाच देश ओलांडले, असं बायको सांगते. मी बराचसा प्रवास सीटखाली केला.

गाडी ओरिएंट एक्सप्रेस, मोठी खानदानी. डबे १९२० च्या दशकातले, भिंतींच्या लाकडात जडवलेली पानंफुलं, दारांना पितळी मुठी. रुबाब एवढा, पण आमच्या खोलीला अंघोळीची सोय नाही. बेसिन कपाटात दडवलेलं आणि संडास बोळाच्या पार टोकाला. ‘सगळं जसंच्या तसं जपलंय,’ असं डब्याच्या सेवकाने अभिमानाने सांगितलं. दर तेवढे जपायचे राहिले असावेत.

रात्रीच्या जेवणाला टक्सिडो, म्हणजे समारंभाचा काळा सूट हवा, म्हणून मी तो भाड्याने आणला होता. त्याच्या सदऱ्याला शिवलेली बटणं नसतात, हे मला सुटकेस उघडल्यावर कळलं. चार सुट्या काळ्या गुंड्या असतात, त्या काजांतून ओवायच्या. दोघं एकदम उभे राहिलो तर एकाला श्वास रोखावा लागेल एवढी ती खोली. त्यात गाडी हलतेय. तीन गुंड्या लागल्या. चौथी पोटावरची. नेमकं तिथेच वळण आलं आणि गुंडी टुणकन उडून सीटखाली गेली.

मी गुडघ्यांवर बसलो. गुंडी दिसत होती, हात लांबवला तर बोटाला लागतही होती. मग गाडी डावीकडे कलली आणि ती घरंगळत उजवीकडे गेली. मी उजवीकडे सरकलो, तर गाडीनेही विचार बदलला.

‘अहो, सूप निवेल,’ बायको म्हणाली आणि तिने पर्समधून सेफ्टी पिन काढली. सूप, मासा, चीज, सगळं मी एक हात पोटावर ठेवून जेवलो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. त्यांना वाटलं, पोट दुखतंय.

पहिली ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून ४ ऑक्टोबर १८८३ ला निघाली, तेव्हा रूळ सलग नव्हते. लोकांनी रुमानियातल्या जुर्जूला उतरून बोटीने डॅन्यूब नदी ओलांडली, पलीकडे दुसरी गाडी धरून वार्ना बंदर गाठलं आणि तिथून जहाजाने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. एवढी यातायात करून ती माणसं पोचली. मला फक्त सदरा घालायचा होता.

सकाळी संडासापुढे रांग. माझ्यापुढे रेशमी गाऊनमधल्या दोन बायका आणि ते आजोबा. नंबर लागला, आत गेलो, बाहेर आलो, तर बायको खिडकीपाशी खुशीत उभी. ‘लिक्टेनस्टाइन होऊन गेलं.’ अख्खा देश! तिथले रूळ जेमतेम नऊ-साडेनऊ किलोमीटरचे, तेव्हा दोष देशाचाही आहेच. ऑस्ट्रियातला आर्लबर्गचा बोगदा मात्र मी नीट पाहिला. दहा किलोमीटर निव्वळ काळोख.

ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीत बायकोने मला बर्फ दाखवायला हाक मारली. मी कंगव्याने सीटखाली ढोसत होतो. ‘आलोच,’ म्हणालो. खिंड गेली. व्हेरोनाही गेलं.

शेवटी गाडी व्हेनिसच्या लांबलचक पुलावर आली. दोन्ही बाजूंना पाणी, बोळात सगळे खिडक्यांना चिकटलेले, आणि तेवढ्यात गाडी हळू झाली. गुंडी आपणहून घरंगळत आली आणि माझ्या बुटाला टेकून थांबली.

‘सापडली!’ मी ओरडलो.

‘अहो, ते बघा, व्हेनिस!’ बायको ओरडली.

मी वाकलेलाच होतो. उठताना डोकं टेबलाच्या फळीवर आपटलं, आणि गुंडी पुन्हा गेली.

भरपाई अठरा युरो.