फेडर खाली आणायला लावणारी माणसं

काल पुन्हा एका पदवीदान समारंभात बेचाळीस मिनिटं गेली. समई पेटवताना वात विझू नये म्हणून पंखे बंद केले, ते परत लावायचं कुणालाच आठवलं नाही. काळे गाऊन घातलेली दोनशेएक मुलं घामाने निथळतायत आणि पाहुणे सांगतायत, "तुम्ही देशाचं भविष्य आहात." पुढ्यात आवाजाचा मिक्सर असल्यामुळे मला उठूनही जाता येत नाही.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी गोव्यातल्या म्हार्दोळचा साउंडवाला. जत्रेतली नाटकं, सप्ताहाची भजनं, लग्नं, निवडणुकीच्या कोपरा बैठका आणि कॉलेजांचे समारंभ, असं 19 वर्षं चाललंय. भाषण कसं असावं हे मला कुणी विचारत नाही, आणि तेही बरोबरच आहे, बारावीनंतर मी थेट वायरी गुंडाळायला लागलो. पण भाषण कसं चाललंय हे व्यासपीठावरच्यांच्या आधी मला कळतं. हॉलमध्ये कुजबुज वाढली की माझं बोट आपोआप फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर सरकवतं, कारण पाहुण्यांचा आवाज कुजबुजीच्या वर राहायला हवा. जरा जास्त सरकला की माइक शिट्टी मारतो आणि सगळा हॉल वळून माझ्याकडे बघतो, जणू बोअर मीच करतोय. भाषण लागलं की याच्या उलट. हॉल इतका गप्प होतो की तोच आवाज मोठा वाटायला लागतो, आणि मी हळूहळू फेडर खाली आणतो. एवढ्या वर्षांत असं किती वेळा झालं म्हणाल, तर दोन हातांची बोटं पुरतील.

कालच्या पाहुण्यांनी शेवट केला, "भुकेले राहा, वेडे राहा!" मुलं सकाळी साडेआठपासून एका सामोशावर बसलेली. मागून कुणीतरी म्हणालं, "भूक लागल्याच मरे!" दिवसभरातला खरा हशा तेवढाच.

ही ओळ ज्यातली, ते अ‍ॅपलवाल्या स्टीव्ह जॉब्झचं भाषण मी मोबाइलवर पाच-सहा वेळा ऐकलंय, इंग्रजी अधूनमधून अडतं तरी. 12 जून 2005, स्टॅनफर्ड विद्यापीठ, सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. माणूस चक्क कागदावरून वाचतोय. पण सुरुवातीलाच काय सांगतो? की मी कॉलेज पुरं केलेलं नाही, पदवीच्या एवढ्या जवळ आजच आलोय. पुढे आपणच काढलेल्या कंपनीतून हाकललं गेल्याचं सांगतो, कॅन्सरचं सांगतो. आमच्याकडे हे सगळं गाळून फक्त शेवटची ओळ उचलतात. ती ओळ तर त्याचीही नव्हती. एका जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर वाचली होती, आणि तसं त्याने तिथेच सांगून टाकलं होतं.

कीर्तनाला माइक लावताना मला हे नेहमी जाणवतं. बुवा पूर्वरंगात एक अभंग सोडवतात आणि उत्तररंगात एक आख्यान लावतात. एकच. आमचे पाहुणे पूर्वरंगातच जगातल्या पंचवीस थोर माणसांना गोळा करतात, आणि आख्यानाची वेळ येईपर्यंत आयोजक घड्याळ दाखवायला लागतात. माशेल माझ्या घरापासून जवळ. तिथे 1943 साली जन्मलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर मुंबईच्या शाळेत असताना त्यांच्या सरांनी उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखवला होता. ही गोष्ट ते स्वतः कित्येकदा सांगत आलेत. एकाग्रतेवर दर वर्षी मी तासभर तरी ऐकतो, त्यातलं काही आठवत नाही. तो कागद मात्र दर वेळी जळताना दिसतो.

भाषेबद्दल लिहायला मी जरा घाबरतो, कारण आमच्याकडे मराठी की कोंकणी हा विषय निघाला की चहा थंड होतो. तरी एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मागच्या रांगांत आईवडील असतात. इस्त्रीचा शर्ट, केसांत अबोलीची माळ, हातात फोटोसाठी तयार ठेवलेला मोबाइल. इंग्रजी भाषण सुरू झालं की ते देवळात पुराण ऐकावं तसे आदराने बसतात आणि पाच मिनिटांत पेंगतात. पाहुण्यांच्या तोंडून एक वाक्य घरच्या भाषेत निघू दे, मागच्या सगळ्या पाठी ताठ होतात. रवींद्रनाथ टागोरांनी 1937 साली कलकत्ता विद्यापीठाचं दीक्षांत भाषण बंगालीत केलं, आणि त्या व्यासपीठावर तसं पहिल्यांदाच होत होतं. त्याच्याही आधी, फेब्रुवारी 1916 मध्ये, काशीला हिंदू विद्यापीठाच्या उद्घाटनाच्या वेळी गांधीजी बोलायला उभे राहिले. आपल्याच देशात आपल्याच लोकांशी परक्या भाषेत बोलावं लागतंय याची लाज वाटते, हे त्यांनी तिथे बोलून दाखवलं. मग समोर हिऱ्यामोत्यांनी मढून बसलेल्या महाराजांना त्यांच्या दागिन्यांवरून सुनावलं. अ‍ॅनी बेझंट यांनी मध्येच थांबायला सांगितलं आणि ते भाषण अर्धवटच राहिलं. त्या दिवशी साउंडवाला असता तर त्याची काय तारांबळ उडाली असती!

पण माझ्या मनात घर केलंय ते वेगळ्याच एका ओळीने. बऱ्याच समारंभांत तैत्तिरीय उपनिषदातला दीक्षान्त उपदेश वाचतात. 'सत्यं वद, धर्मं चर, मातृदेवो भव' इतकं झालं की टाळ्या. एकदा लाइट गेली, जनरेटर चालू होईना, तेव्हा विंगेत उभ्या असलेल्या संस्कृतच्या एका मास्तरांनी मला पुढची ओळ सांगितली: 'यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.' आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नको. म्हणजे गुरू निरोप देताना शिष्याला सरळ सांगतोय की बाबा रे, आमच्यात 'बाकीचं'ही आहे. मास्तर म्हणाले, "हे कुणी वाचत नाही, कारण वाचलं तर मग ते बाकीचं काय, ते सांगावं लागेल."

ते सांगणारा एकच पाहुणा मला भेटला.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. त्यानंतरच्या वर्षी खाणपट्ट्यातल्या एका कॉलेजात माझा साउंड होता. अंगणात उभ्या ट्रकच्या टायरांभोवती गवत वाढलेलं, अशा घरांतली पोरं पदवी घ्यायला आलेली. ठरलेले मोठे पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत म्हणून गावातल्याच एका निवृत्त बँक मॅनेजरांना आणलं. साधा बुशशर्ट, शालीखाली अवघडलेले. कॉलर माइक लावताना त्यांच्या छातीची धडधड मला बोटांना लागत होती.

ते कोंकणीतच बोलले, मी मराठीत सांगतो. "तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वडिलांच्या ट्रकच्या कर्जावर माझी सही आहे. हप्ता किती, जामीन कोण, सगळं विचारलं. खाण बंद पडली तर काय, हे मी एकालाही विचारलं नाही. वर्षाअखेरीला माझ्या शाखेचा आकडा चांगला दिसायचा, म्हणून विचारलं नाही. तुम्ही उद्या कुणाच्या कागदावर सही कराल तेव्हा विचारा. समोरचा चिडला तरी विचारा." मग कुठल्या गावात किती ट्रक उभे आहेत ते त्यांनी सांगितलं, आणि त्यातल्या एका घरी आपण पेढे घेऊन कसे गेलो होतो तेही. नऊ मिनिटं. माझा फेडर इतका खाली आला होता की त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मागच्या दाराजवळ उभे असलेले एक गृहस्थ बाहेर निघून गेले, आणि सगळं आवरायच्या आत परतही आले.

माइक काढायला गेलो तर त्यांनी हळूच विचारलं, "फाटल्यांक आयकुपाक येतालें मरे?" मागच्यांना ऐकू येत होतं ना, असं. मी हो म्हटलं. चहा न घेताच ते गेले. पोडियम उचलताना त्यांची चिठ्ठी सापडली. बसच्या तिकिटांच्या मागे पेनाने गावांची नावं लिहिलेली होती, पाळी, वेळगे, होंडा, पिसुर्ले, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. एकही वाक्य नव्हतं.