पाठीला चिकटवलेला सेन्सर मानदुखी थांबवत नाही

स्टार्टअपच्या कल्पनांच्या याद्यांमध्ये एक कल्पना वर्षानुवर्षं फिरते आहे. तिचा सारांश असा: कॉम्प्युटरवर काम करणारे सगळे पोक काढून बसतात. मान वाकली की मणक्यावर २७ किलो भार पडतो, म्हणून मान-पाठ दुखते. पाचशे रुपयांचा सेन्सर पाठीला चिकटवा, माणूस वाकला की तो थरथरेल, २१ दिवसांत ताठ बसायची सवय लागेल आणि दुखणं जाईल. आयटीवाले लाखोंनी आहेत, म्हणजे गिऱ्हाईक तयारच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हे उत्तम आहे. पण यावर घरचे पैसे लावायचे असतील तर एकेक विधान ठोकून बघायला हवं, कारण यातलं जवळपास प्रत्येक विधान कुठे ना कुठे निसटतं.

“मान वाकली की २७ किलो”

हा आकडा २०१४ सालचा. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी मानेचं एक प्रारूप कॉम्प्युटरवर मांडून गणित केलं. सरळ मानेवर साधारण ५ किलो, १५ अंशांवर १२, ३० अंशांवर १८, ४५ वर २२ आणि ६० वर २७. गणितात वावगं काही नाही. डोकं पुढे गेलं की तरफेचा हात लांबतो आणि मानेमागच्या स्नायूंना जास्त ओढून धरावं लागतं. पण हे प्रारूप आहे, माणसाच्या मानेत मापक घालून घेतलेलं माप नव्हे. एवढ्या भाराने माणसांची मान प्रत्यक्षात दुखते का, हे त्यात तपासलेलं नाही. शिवाय ६० अंश ही मांडीवरच्या मोबाइलकडे बघणाऱ्याची मान. मॉनिटरसमोर बसलेल्याची मान त्यापेक्षा पुष्कळ कमी वाकते. त्यामुळे कॉम्प्युटरवाल्यांच्या उत्पादनाच्या जाहिरातीत २७ चा आकडा टाकणं सरळसरळ दिशाभूल आहे.

“पोक काढलं म्हणून दुखतं”

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘रेन’ नावाच्या अभ्यासात १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींच्या बसण्याची छायाचित्रं मोजून मानेच्या ठेवणीचे चार गट पाडले. २०१६ साली ते निष्कर्ष छापून आले. ताठ बसणारे आणि पोक काढणारे, या गटांमध्ये मानदुखीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

दुसरं उदाहरण १९९९ सालचं. विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवला. उभं असताना ०.५० मेगापास्कल, पाठ मुद्दाम ताठ करून बसल्यावर ०.५५ आणि खुर्चीत रेलून, सैल पसरून बसल्यावर ०.२७. माणूस एकच होता, म्हणून यावरून मोठा नियम काढू नये. पण ‘सैल बसलं की चकती चिरडते’ हे सांगणाऱ्याला या आकड्यांचं उत्तर द्यावं लागेल.

मग दुखतं कशाने? बहुतेकदा तासन्‌तास न हलण्याने, आणि अंग तसंच धरून ठेवायला लावणाऱ्या टेबल-खुर्चीने. अपुरी झोप आणि कामाचा ताण यांचाही त्यात वाटा असतो. तीन तास ताठ बसलं तरी पाठीला रग लागतेच. ज्याला आधीच दुखणं आहे त्याला एखादी स्थिती त्रास देते, हे खरं. पण ती प्रत्येकाची वेगळी असते, आणि सेन्सरचा कोन सगळ्यांसाठी एकच ठेवलेला असतो.

“सेन्सरला कळतं तुम्ही कसे बसलात”

खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा खोलात जाऊ. अशा यंत्रात बहुधा एमपीयू-६०५० ही कल आणि हालचाल मोजणारी किंवा त्याच जातीची चिप असते. स्थिर असताना ती फक्त एवढंच सांगते: गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी माझा कोन किती. पाठीचा बाक तिला दिसत नाही, मान तर नाहीच नाही. पाठ सरळ ठेवून कमरेतून २० अंश पुढे झुकलात, तर ती थरथरते. खुर्ची मागे रेलवून खांदे गोल केले आणि हनुवटी पुढे काढून स्क्रीनमध्ये डोकं घातलंत, तर ती गप्प राहते. म्हणजे पहिल्या वेळी चूक नसताना बोलणी आणि दुसऱ्या वेळी काहीच नाही.

चिकटवण्याची जागाही छळते. छातीमागच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक बारा मणक्यांत मिळून ढोबळमानाने ४० अंशांचा, म्हणजे दर मणक्याला तीनेक अंश. आज पट्टी दोन सेंटिमीटर वर लागली की शून्यच, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो मूळ कोनच, तीन-चार अंशांनी सरकतं. त्यातून सुरुवातीला ‘ताठ बसा आणि बटण दाबा’ असं सांगितलं की माणूस छाती काढून, श्वास रोखून बसतो. तो सैल सुटला की इशाऱ्याची दहा अंशांची मर्यादा ओलांडलीच. शून्य घ्यायचं तर दोन मिनिटं नेहमीचं टायपिंग करू द्या आणि त्या वेळची सरासरी धरा.

वेळेची मर्यादा चुकली तर उत्पादन तिसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये जातं. पाच सेकंदांवर लावलेलं यंत्र खाली पडलेलं पेन उचललं तरी थरथरतं. सेकंदाला २५ नोंदी, दोन सेकंदांची सरासरी, १५ अंशांचा फरक आणि तो सलग दहा मिनिटं टिकला तरच इशारा, इथून सुरुवात करा. त्यापेक्षाही बरं म्हणजे कोन सोडूनच द्या आणि ‘तीस मिनिटं कोन बदललाच नाही’ हे मोजा. हेच मोजमाप या चिपला खात्रीने जमतं, आणि दुखण्याशी नातंही त्याचंच जास्त जवळचं आहे.

बाकच मोजायचा हट्ट असेल तर चिपा दोन लागतील: एक मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या उंच हाडाखाली, दुसरी बरगड्या संपतात त्या उंचीवर. दुसरीचा एडी-० पाय (चिपचा पत्ता ठरवणारी पिन) ३.३ व्होल्टला जोडा, म्हणजे पत्ते ०x६८ आणि ०x६९ असे वेगळे होतील. दोघींच्या कोनांतला फरक म्हणजे बाक. मधल्या तीस-चाळीस सेंटिमीटर तारेवर संदेश गळायला लागतात. तेव्हा वेग १०० किलोहर्ट्झवर ठेवा आणि पुल-अप रोध (तारेचं व्होल्टेज वर धरून ठेवणारे) ४.७ ऐवजी २.२ किलो-ओमचे घ्या. इतकं करून शर्टाच्या आत तार घालून कोण रोज ऑफिसला जाणार, हा प्रश्न उरतोच.

मोटरचं विसरू नका. १० मिलिमीटरची नाण्यासारखी मोटर ६० ते ८० मिलिअँपिअर ओढते. ती थेट मायक्रोकंट्रोलरच्या (यंत्र चालवणाऱ्या मुख्य चिपच्या) पायाला जोडली तर पाय जळू शकतो किंवा व्होल्टेज खाली बसून बोर्ड रीसेट होतो. मध्ये ट्रान्झिस्टर घाला आणि मोटरला उलटा डायोड लावा.

चार्जिंगबाबत तर डोळ्यांत तेल घालून बघा. बाजारातलं बॅटरी चार्ज करणारं टीपी-४०५६ मोड्यूल १.२ किलो-ओमच्या रोधासह येतं आणि १ अँपिअरने चार्ज करतं. अंगावर घालायच्या यंत्रात बॅटरी असते १५० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे तिच्या क्षमतेच्या जवळपास सातपट प्रवाह. ती तापते, फुगते, आणि ती कुणाच्या तरी पाठीला चिकटलेली असते. रोध १० किलो-ओमचा केला की प्रवाह १३० मिलिअँपिअरवर येतो. त्याहून छोट्या बॅटरीला तोही जास्त आहे. चार्जिंगची जागा त्वचेकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे यंत्र अंगावरून काढल्याशिवाय केबल लागणारच नाही.

‘मग वेबकॅम वापरू’ असं कुणी म्हणेल. मीडियापाइपसारखं फुकट मिळणारं साधन शरीराचे ३३ बिंदू देतं, त्यात कानांचे क्रमांक ७ आणि ८, खांद्यांचे ११ आणि १२. पण समोरच्या कॅमेऱ्याला मान किती पुढे आली ते बाजूने दिसत नाही. चेहरा मोठा दिसतो यावरून अंदाज बांधावा लागतो, आणि लॅपटॉपचं झाकण जरा कललं की सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. स्क्रीनपासूनचं अंतर मात्र बरं कळतं, कारण डोळ्यातल्या बुबुळाची रुंदी मोठ्या माणसांत सुमारे ११.७ मिलिमीटर, जवळपास सारखीच असते. चित्रं लॅपटॉपबाहेर जाऊ देऊ नका, साठवूही नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, त्याआधी ऑफिसचा आयटी विभाग तुम्हाला दारातच अडवेल.

“२१ दिवसांत सवय”

ही समजूत प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या निरीक्षणातून आली. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी कुठलीही सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. त्यात रोजची साधी कृती अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस निघाला, आणि अंदाजांचा पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. २१ दिवसांच्या परताव्याच्या हमीवर धंदा उभा करणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

“पाचशेत तयार, दोन हजाराला विक्री”

पाचशे रुपयांत ब्रेडबोर्डवरचे सुटे भाग येतात. विकायच्या वस्तूला प्लास्टिकचं कवच लागतं, आणि त्याच्या साच्याचा खर्च लाखांत जातो. लिथियम बॅटरी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीतली हवी, मानक आयएस १६०४६. ब्लूटूथसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. आणि खोक्यावर ‘मानदुखी बरी करते’ किंवा ‘स्पॉन्डिलायटिसवर उपाय’ असं छापलंत की वस्तू वैद्यकीय उपकरण ठरते. मग २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. एप्रिल २०२० पासून त्यांच्या कक्षेत सॉफ्टवेअरही आहे. ‘हालचालीची आठवण करून देते’ एवढंच म्हणालात तर बोलणं खरं राहतं आणि वाटही सोपी होते.

हिशेब करून बघा. १,९९९ रुपयांच्या किमतीतून १८ टक्के जीएसटी गेला की उरतात १,६९४. समजा विक्रीमंचाचं कमिशन आणि कुरिअर मिळून ४००, भाग, जुळणी आणि खोकं मिळून ९००. हातात ३९४. यातूनच जाहिरात, वॉरंटी, पगार आणि परत आलेला माल भागवायचा. घामाने भिजलेली वस्तू पुन्हा विकता येत नाही, त्यामुळे एक परतावा दोन-तीन विक्रींचा नफा खातो.

हा मार्ग कुणी चाललाच नाही असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या लुमो बॉडीटेकने २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर कमरपट्टा आणला, मग छातीवर लावायचं लुमो लिफ्ट. दोन्ही आज बाजारात नाहीत. असाच सेन्सर बनवणारी इस्रायलची अपराइट २०२१ मध्ये डारिओहेल्थ या आरोग्य-तंत्रज्ञान कंपनीने विकत घेतली. या कंपन्यांकडे पैसा होता आणि चांगले इंजिनिअरही होते.

मग काय बनवायचं

हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एखाद्या पीजीत डोकावलं की गरज समोर दिसते: पलंगावर लॅपटॉप, किंवा प्लास्टिकची खुर्ची आणि ७५ सेंटिमीटर उंच टेबल. सव्वापाच फुटी माणूस पाय जमिनीला टेकवून बसला तर त्याचं कोपर जमिनीपासून साधारण ६२ ते ६४ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टेबल दहाएक सेंटिमीटर जास्त उंच. खांदे वर उचलून टायपिंग होतं आणि संध्याकाळपर्यंत मान-खांदे भरून येतात. त्याच्या पाठीवर कितीही थरथर करा, टेबल खाली येणार नाही. उपाय असा: बसायची जागा दहा सेंटिमीटर उंच करा आणि पायाखाली तेवढाच पाट द्या. वेगळा कीबोर्ड-माउस घ्या, आणि लॅपटॉप इतका उचला की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. अक्षरं १२५ ते १५० टक्के मोठी करा. बारीक अक्षरांसाठीच मान पुढे जाते.

चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र हाच सल्ला बाधतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं खालच्या भागातून दिसतं, त्यामुळे उंच स्क्रीन वाचायला हनुवटी वर करून मान मागे मोडावी लागते. त्यांची स्क्रीन खाली आणा, नाहीतर फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करायला सांगा. स्टँड विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

उपयोगाचे पुरावेही हालचालीच्याच बाजूने आहेत. २००० साली छापलेल्या गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या डेटा एंट्री करणाऱ्यांना नेहमीच्या सुट्यांशिवाय, ज्या तासात एरवी सुटी नसे अशा प्रत्येक तासाला पाच मिनिटं जास्तीची दिली. अवघडलेपण आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला, काम घटलं नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली १९८ जणांच्या चाचणीत दहा आठवडे रोज फक्त दोन मिनिटं रबरी नळी ताणून हात बाजूला उचलण्याच्या व्यायामाने मान-खांद्याचं दुखणं कमी झालं. रोज दोन मिनिटांची, खिशाला परवडणारी, बॅटरी नसलेली वस्तू! स्टार्टअपला याहून चांगला धागा कुठला हवा?

पहिली चाचणी कोडशिवाय करा. तीस माणसं, आठ आठवडे. प्रत्येकाच्या बसण्याच्या जागेची मापं घ्या, पाट-स्टँड-कीबोर्ड बसवून द्या, एक रबरी नळी द्या आणि रोज ठरावीक वेळी साधा मेसेज पाठवा. दुखणं ० ते १० मध्ये दर सोमवारी विचारा. आणखी पंधरा जणांना सुरुवातीला काहीच न देता फक्त विचारत राहा, कारण बरीच मानदुखी आपोआपच उतरते आणि श्रेय तुमच्या वस्तूला मिळतं. त्यांना तेच साहित्य आठव्या आठवड्यानंतर द्या. हाताला मुंग्या येणं, बोटांतली ताकद जाणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यातलं काही असेल त्याला चाचणीत घेऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा.

आठव्या आठवड्यात निम्म्याहून कमी लोक नळी ताणत असतील तर ॲप लिहायला बसू नका. नळी सोडून दिलेल्या प्रत्येकाला फोन करा आणि विचारा की ती नळी आत्ता नेमकी कुठे पडली आहे.