पावणं, लाडवात मीठ कमी हाय

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला कोल्हापुरातच ‘पावणं’ म्हणणं हा दखलपात्र गुन्हा करायला हवा. माझा जन्म मंगळवार पेठेतला, शाळा पेठेतली, पहिला मार खाल्ला तोही पेठेतच. तिथून पंचगंगेवरचा कसबा बावड्याचा राजाराम बंधारा किती लांब? गाडीला पेट्रोल भरायचा विचार येईपर्यंत पोचतो माणूस. पण अंगात खिसेवाला जॅकेट, डोक्याला टोपी आणि हातात मासे धरायची रीलवाली काठी असली, की तेवढ्या अंतरात तुम्ही परमुलखातले होता.

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. दिवाळी नुकतीच सरलेली. बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे घातलेले, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून निवांत पसरलेलं. याच बंधाऱ्याची पातळी जुलैत आम्ही देवाचं नाव घ्यावं तशी दर तासाला विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापूरच्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ला आणि २०२१ला नदी ५५च्या वर गेली, तेव्हा बावड्यातल्या मेव्हणीचं कपाट आमच्या हॉलमध्ये येऊन बसलं होतं. पुराचं पाणी आलं की आपण ट्रंका माडीवर चढवतो आणि रोहू, कटला, मृगळ यांची तेव्हा लगीनघाई असते, पुराशिवाय अंडी घालत नाहीत बेटे. पण ते राहू दे.

मला हवा होता सायप्रिनस. पुस्तकात त्याला कॉमन कार्प म्हणतात, मंडईत सायप्रिनस. हा मासा इथला नव्हेच. १९३९ साली श्रीलंकेतून उटीला आणला, पुढं १९५७ला बँकॉकहून त्याची आणखी एक जात आली. म्हणजे खरा पावणा पाण्यात होता. त्याला कुणी हटकत नव्हतं.

या माशाचा स्वभाव मी तीन महिने अभ्यासला होता. तळातला चिखल हुंगत फिरतो. ओठांना चार मिशा, त्या मिशांना चव कळते. जबड्यात दात नाहीत, आहेत ते घशात. पोटात जठर नाही, त्यामुळे थोडं थोडं सारखं खात राहतो. आणि संशयी इतका, की आमिष तोंडात ओढून घेतो, जरा घोळवतो आणि वावगं वाटलं की फुर्रकन थुंकून मोकळा. इंग्लंडात या थुंकण्यापायी माणसांची आयुष्यं गेली. १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या गृहस्थांनी रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबानं वीस किलोचा, कार्प काढला आणि कालवण करायचं सोडून लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकला. हे मी घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “त्यांच्या घरी मसाला संपला असंल.”

तिकडची माणसं या माशासाठी ‘बॉइली’ करतात. पीठ अंड्यात मळायचं, गोळ्या वळायच्या, उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं टाकायच्या, वाळवायच्या. वरून कडक होतात, म्हणून चिल्लीपिल्ली मासळी कुरतडत नाही. मी रवा घेतला, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, काकवी, बडीशेप आणि सहा अंडी. बोराएवढ्या दीडशे गोळ्या वळल्या. बायको दाराला टेकून बघत होती. “दिवाळीला लाडू वळा म्हटलं तेव्हा तुमचा खांदा धरला होता.” मी उत्तर दिलं नाही. काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच.

शिवाय बादलीभर चारा. भिजवून शिजवलेला मका, पेंड, भाताचा कोंडा, गूळ. याचे गोळे आधी पाण्यात टाकून माशांना एका जागी जमवायचं. सहा गोळे टाकले, गळ सोडला, काठीला घुंगरू बांधलं आणि बसलो.

तासाभरात मागून आवाज आला, “पावणं, कुठलं म्हणायचं?”

वळून बघितलं. पासष्टीचे एक मामा, कमरेला टॉवेल, हातात शेवरीची काठी आणि शेजारी पंढरपुरी म्हैस. पंढरपुरी कळायला दाखला लागत नाही, शिंगं तलवारीसारखी पार खांद्यामागं गेलेली असतात.

“इथलाच आहे.”

“तसं नव्हं. मूळ कुठलं?”

“मूळ इथलंच!”

“आसंल,” मामा म्हणाले, ज्या सुरात आपण मतदार यादीतल्या मेलेल्या माणसाविषयी बोलतो. मग बसले. कोल्हापुरात माणूस बघायला येत नाही, बसायला येतो. “गांडूळ लावलंय?”

“नाही.”

“कणीक?”

मी डबा उघडून दाखवला. ही माझी चूक. मामांनी एक गोळी उचलली, हुंगली आणि मला काही कळायच्या आत तोंडात टाकली. चावली. डोळे मिटले. नदीकडे बघत दुसरी टाकली.

“कुणी केलं?”

“मी.”

“बडीशेप घातलीया.” तिसरी. “चांगलं झाल्यात लाडू. मीठ कमी हाय.”

“मामा, ते माशांसाठी आहेत.”

“मग मासं खात्यात कुठं? तासभर बघतोय.” चौथी. “आन् ही गरी मोकळीच? लाडू भायेर लोंबतोय की.”

आता मला चेव आला. तीन महिन्यांत हे ऐकणारा एकही माणूस भेटला नव्हता. मी समजावून सांगितलं, की याला हेअर रिग म्हणतात. गोळी गळाला टोचायचीच नाही, गळाच्या मागं केसाएवढ्या दोऱ्याला लटकवायची.

“कुणाच्या केसाला?”

“दोरा असतो हो. सुरवातीला खराच केस वापरला म्हणतात.”

“बाईमाणसाचा आसणार,” मामा ठामपणे म्हणाले. “मग?”

“मग मासा गोळी तोंडात ओढतो. गळ मोकळा असतो, तोही मागोमाग आत जातो. माशाला संशय येतो. तो थुंकायला जातो आणि थुंकतानाच गळ ओठात बसतो.”

मामांनी बराच वेळ विचार केला. म्हैसही थांबून होती.

“म्हंजे आमच्या मेव्हण्यागत. सतरा पोरी बघितल्या. जायचं, पोहं खायचं, नगं म्हणायचं. अठरावीला नगं म्हणायला तोंड उघडलं आन् त्यातच गावला. आता दोन पोरं हाईत.”

इतक्या नेमकेपणानं हे तंत्र मी कुठंच वाचलेलं नाही. अपमान विसरून मी त्यांना चहा पाजणार होतो. नको तेवढं बोललो मात्र. “त्यात सहा अंडीही आहेत.”

मामा ताडकन उठले. “अंडी? आरं, आज शनवार! मारुतीचा वार माझा! आदी सांगायचं न्हाई व्हय?”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

“लाडवात अंडं हाय का म्हणून कोण इचारतंय?”

याला उत्तर नव्हतं. ते चूळ भरायला पाण्याकडे गेले आणि खुळखुळ ऐकत मी त्यांच्या पाठीकडे रागानं बघत राहिलो. माझ्या पाठीमागं जे चाललं होतं ते बघायला हवं होतं. वळलो तेव्हा म्हशीचं थोबाड बादलीत गळ्यापर्यंत होतं. मका, पेंड, कोंडा, गूळ. आता विचार करा, यात म्हशीनं नको म्हणावं असं काय होतं? तीन महिने अभ्यास करून मी आंबोणच कालवलं होतं. बादली चाटून झाल्यावर तिनं डबाही पालथा केला. थुंकली नाही. एकदाही नाही.

मग तृप्त होऊन पाण्यात उतरली.

मी कपाळाला हात लावून बसलेलो आणि घुंगरू वाजलं. साधं नाही, तमाशातलं वाजलं. रील किंचाळायला लागली, गळाचं तंगूस सरसर निघालं. काठी कमान झाली. त्या दहा सेकंदांत मी रेडमायरला होतो. वॉकरसाहेब काठावरून टाळ्या वाजवत होते. वीस किलो काय, तीस असेल! मी दोन्ही पाय रोवून मागं रेललो, तसं पाण्यातून केंदाळाचा एक भारा वर आला, त्याखालून एक शिंग, आणि त्या शिंगाला माझं तंगूस तीन वेढे घेऊन बसलेलं.

“सोडा! सोडा!” मामा ओरडले. “लाखाची म्हस हाय! डोळ्यात गरी गेली म्हंजे?”

सोडलं. काय करणार? गुडघाभर पाण्यात उतरून मीच ते वेढे सोडवले. म्हशीची माफीही मागितली, अक्षरशः, हात जोडून, कारण मामा तसं म्हणाले. काठावर तोवर सातआठ जण जमले होते. एकानं व्हिडिओ काढला. “काय गावलं?” “म्हस!” हा संवाद मला दर नव्या येणाऱ्याबरोबर ऐकावा लागला.

पाण्यात उभा होतो ना, तेव्हा पायाला जे लागलं त्याविषयी मात्र हसू येत नाही. प्लॅस्टिक, निर्माल्य, आणि तळाचा असा काळा गाळ, की घरी येऊन दोनदा साबण लावला तरी वास गेला नाही. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण याच पाण्यात येते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की प्राणवायू संपतो आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. त्यांना धरायला गळ लागत नाही, केस लागत नाही, बडीशेप लागत नाही. लोक पुलावरून फोटो काढतात, पंचनामा होतो, नमुने जातात, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच मासे, तोच पंचनामा. आणि मी इथं माशाला गोळी पसंत पडेल का म्हणून रात्री झोपत नाही! त्या पाण्यात सायप्रिनस अजून चव घेत फिरत असेल, तर त्याच्या मिशांना साष्टांग नमस्कार.

असो. निघताना मामांनी विचारलंच, “ऱ्हाता कुठं?” मंगळवार पेठ म्हणालो. “मग माझा रतीब हाय की तिथं!”

सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात मोटरसायकल, दोन्ही बाजूंना किटल्या, आणि मामा. बायकोला म्हणाले, “वैनी, त्या लाडवांत काय काय घालत्यात तेवढं लिहून द्या. दोन्ही वक्ताचं मिळून अर्धा लिटर दूध वाढलंय.”

बायकोनं कॅलेंडरच्या पाठीमागं सगळं लिहून दिलं, सहा अंड्यांसकट. (म्हशीला अंडी द्यावीत का, हे तिनं त्यांच्यावर सोडलं. मारुतीचा वार म्हैस धरत नसावी.) मग ते वाढलेलं अर्धा लिटर तिनंच घेतलं. माझी पेंड, माझा गूळ, माझी काकवी, आणि दूध पुऱ्या भावानं. मी आतून ऐकत होतो. एक रुपया कमी केला नाही माणसानं.

झाकण लावता लावता मामा म्हणाले, “आन् वैनी, पावण्यास्नी सांगा, पुढच्या खेपंला मीठ जरा वाढवा.”