म्हणे, कोबोल रिकामी तारीख १८७५ धरतं!

एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत तारीख हा प्रकारच नाही, म्हणून त्याला तारखांची तुलना करता येत नाही. तारीख रिकामी असली की कोबोल आपोआप २० मे १८७५ धरतं, आणि अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनच्या नोंदींत, दीडशे वर्षांची माणसं दिसतात ती त्यामुळेच. वायटूके, म्हणजे २००० साल लागताच दोन आकडी वर्षांमुळे संगणक गोंधळतील ही भीती, नुसता बागुलबुवा होता. सगळं जावा या नव्या भाषेत लिहून काढलं की प्रश्न मिटला.

एरवी असलं काही आलं तर मी वाचतही नाही. पण हे माझ्या भाचीने वाचलं. ती नुकतीच मेनफ्रेमच्या, म्हणजे कोबोल चालतं त्या मोठ्या संगणकांच्या, प्रोजेक्टवर लागलीय, आणि तिने जन्मतारीख तपासणाऱ्या पॅराग्राफमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्यात, चक्क ‘१८७५०५२० आली तर तारीख नाही असं समजायचं’ असा इफ, म्हणजे अट, टाकला. वर मलाच विचारते, “मावशी, स्टँडर्डमध्येच आहे ना ते?” नाही गं बाई, नाही!

म्हणून आधी १८७५च घेते. २० मे १८७५ या दिवशी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या झाल्या. तारखा कशा लिहायच्या हे सांगणारं आयएसओ ८६०१ नावाचं मानक आहे. त्याच्या २००४च्या आवृत्तीत ग्रेगोरियन कॅलेंडर नेमकं कुठे पक्कं करायचं, यासाठी संदर्भ म्हणून हा दिवस दिला होता. तारीख माहीत नसेल तर ही भरा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. २०१९च्या आवृत्तीतून तर तो उल्लेखही गेला. आता जरा साल बघा. कोबोलचं काम सुरू झालं १९५९मध्ये. आयएसओ ८६०१ पहिल्यांदा आलं १९८८मध्ये. साठ-सत्तरच्या दशकातले प्रोग्राम २००४चं मानक वाचून चालत होते की काय?

बरं, कोबोलला दिवस मोजायला आरंभ नाही असंही नाही. तारखेचा दिवस-क्रमांक काढणाऱ्या इंटिजर-ऑफ-डेट या फंक्शनला १ जानेवारी १६०१ दिली की उत्तर १ येतं. आयबीएमची लिलियन मोजणी वापरली तर पहिला दिवस १५ ऑक्टोबर १५८२. यात १८७५ कुठे दिसतंय? आणि फंक्शन बोलावल्याशिवाय ही मोजणी होतच नाही. रिकाम्या फील्डमध्ये स्पेस असतात, शून्यं असतात किंवा लो-व्हॅल्यूज (सगळे बिट शून्य) असतात, म्हणजे ज्याने रेकॉर्ड लिहिलं त्याने जे सोडलं ते. पॅक्ड फील्डमध्ये, म्हणजे आकडे दाटून साठवलेल्या जागेत, स्पेस सापडल्या आणि त्यावर हिशेब करायला गेलात, तर मेनफ्रेम कुठलीही तारीख गृहीत धरत नाही. सरळ एस-झिरो-सी-सेव्हन ही ‘आकडा चुकीचा’ एरर देऊन जॉब पाडते. रात्री अडीचला फोन येतो तो यासाठी.

आणि हा तर्क स्वतःच्या पायावरही उभा राहत नाही. दीडशे वर्षांची माणसं पेन्शन घेतात ही गोष्ट इलॉन मस्कने फेब्रुवारी २०२५मध्ये काढली. २० मे १८७५ला जन्मलेला माणूस तेव्हा १४९ वर्षांचा झाला असता, १५०चा नाही. त्याच महिन्यात मस्कनेच वयोगटांचा एक तक्ता टाकला होता. त्यात ११० ते १४९ या चारही गटांत प्रत्येकी तीस लाखांहून जास्त नोंदी होत्या, आणि एक नोंद तर ३६० वर्षांच्या पुढची. सगळ्यांना एकच ठरलेली तारीख लागली असती, तर सगळे एकाच वयावर साठले असते ना!

खरं कारण फार साधं आहे. सोशल सिक्युरिटीच्याच महानिरीक्षकांनी जुलै २०२३च्या अहवालात ते लिहून ठेवलंय: शंभरी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी ८९ लाख नंबरांपुढे मृत्यूची नोंदच नाही. त्यातल्या ९८ टक्के लोकांना कुठलेही पैसे जात नव्हते, आणि त्यांच्या नावावर पन्नास वर्षांत कमाईची नोंदही नव्हती. नोंदी दुरुस्त करायला ५५ ते ९७ लाख डॉलर लागतील, म्हणून खात्याने ते काम अंगावर घेतलं नाही. म्हणजे ‘मेलेल्यांना पेन्शन’ ही ओरड फुगवलेली होती, आणि तिला उत्तर म्हणून पुढे केलेलं १८७५ तर निव्वळ बनावट. उत्तर आपल्या बाजूचं आहे म्हणून लोकांनी तपासलं नाही, इतकंच.

आता ‘तारीख हा प्रकारच नाही’ याबद्दल. घ्या, मान्य. जुन्या प्रोग्राममध्ये तारीख म्हणजे पिक ९(६) किंवा पिक ९(८), म्हणजे सहा किंवा आठ नुसते आकडे. खोट्या तारखा ठरवून ठेवलेल्या असतात हेही खरं. डेटाच्या टेपच्या मुदतीत ९९३६५ (९९ सालचा ३६५वा दिवस) लिहिलं की ‘कधीच पुसू नका’. पण ते त्या त्या ठिकाणचे संकेत आहेत, भाषेचे नव्हेत. असले संकेत कॉपीबुकमध्ये, म्हणजे रेकॉर्डची रचना लिहिलेल्या फाइलमध्ये, शोधायचे, फॉरवर्डमध्ये नाही.

तुलना मात्र होते, आणि झकास होते, आकड्यांचा क्रम नीट असेल तर. वर्ष-महिना-दिवस लावा: २०२४०१३१ हा २०२४०२०१ पेक्षा लहान, बरोबर. दिवस आधी लिहा: ३१०१२०२४ हा ०१०२२०२४ पेक्षा मोठा, म्हणजे ३१ जानेवारी १ फेब्रुवारीच्या नंतर! यात कोबोलचा काय दोष? त्याने आकडे बघितले. वजाबाकी मात्र बरोबर क्रमातही करू नका. २०२४०३०१ मधून २०२४०२२८ वजा केले तर ७३ येतात, खरं अंतर दोन दिवसांचं. दोन्हींना आधी इंटिजर-ऑफ-डेट लावा, मग वजा करा.

वायटूकेवर फार लिहीत नाही. ०००१०१ (१ जानेवारी २०००) हा ९९१२३१ (३१ डिसेंबर १९९९) पेक्षा लहान, एवढं ज्याला दिसतं त्याला बागुलबुवा कोण होतं ते कळेल. लोकांनी आधी राबून दुरुस्त्या केल्या म्हणून त्या रात्री फारसं काही घडलं नाही. त्या दुरुस्त्यांपैकी कित्येक मात्र कामचलाऊ होत्या: दोन आकडी वर्ष तसंच ठेवायचं आणि ५०च्या खालचं सगळं विसाव्याऐवजी एकविसाव्या शतकात ढकलायचं. मुदतीच्या तारखेला ते चालून जातं. जन्मतारखेला लावलं, तर १९४५चा माणूस २०४५मध्ये जन्माला येतो.

राहिलं जावा. तिथल्या जुन्या डेट क्लासला २०२४, १, १ द्या, तो तुम्हाला ३९२४ सालच्या फेब्रुवारीत नेऊन सोडतो, कारण तो वर्षात १९०० मिळवतो आणि महिने शून्यापासून मोजतो. नवे क्लास चांगले आहेत, वाद नाही. पण फाइलमध्ये नुसतं ४५ लिहिलेलं असेल, तर ते १९४५ की २०४५ हे जावालाही कोणीतरी सांगावंच लागतं.