मार्क किती पडले?

मुलगी बघायला गेल्यावर तिला गाणं म्हणायला लावायचं, ही पद्धत आमच्या आजीच्या काळात होती. माझ्या बाबतीत परीक्षा उलट दिशेने झाली. पोहे संपले, चहा आला, आणि होणाऱ्या सासऱ्यांनी बशी खाली ठेवून मला विचारलं, "गिलन की कव्हरडेल?"

माझी पदवी रसायनशास्त्रातली. कव्हरडेल मला खोकल्याचं औषध वाटलं आणि गिलन दाढीचं ब्लेड. मी म्हणालो, "दोन्ही चालतात. गरजेप्रमाणे."

खोलीत शांतता पसरली. मग कोपऱ्यातून चुलतसासरे म्हणाले, "मुलगा तोलून बोलतो." लग्न ठरलं.

ठरल्यावर कळलं की मी एका घराशी नव्हे, एका वादाशी सोयरीक केली आहे. डीप पर्पल नावाचा इंग्लंडमधला रॉक बँड 1968 साली निघाला, तो अजून चालू आहे. आपल्याकडे जुनं नाटक 'नव्या संचात' येतं तसा हा बँड इतक्या वेळा नव्या संचात आला की चाहत्यांनी शेवटी संचांना नंबर दिले. मार्क एक, मार्क दोन, असं करत आता मार्क नऊ चालू आहे. त्यातही मार्क दोनची मंडळी भांडून वेगळी झाली, पुन्हा एकत्र आली, पुन्हा भांडली, पुन्हा आली. त्यामुळे त्यांच्या दोन-अ, दोन-ब, दोन-क अशा तुकड्या आहेत. यातला कुठला संच सगळ्यांत भारी, एवढाच प्रश्न. तो माझ्या सासरी माझ्या लग्नाच्या आधीपासून सुटायचा राहिला आहे.

साखरपुड्याच्या जेवणात नाना, म्हणजे माझे सासरे, माझ्या आईला समजावून सांगत होते, "काहीही म्हणा विहीणबाई, मार्क दोनला तोड नाही." आईने जिलबी खाली ठेवली. "दोन? आमच्या मुलाला पहिलीपासून कधी सत्तरच्या खाली नाहीत."

दर दुसऱ्या रविवारी ठाण्याला सासरी मटणाचं जेवण असतं. त्या मटणासाठी माणूस बरंच काही सोसू शकतो. पण ते पानात पडायच्या आधी दीड तास 'बैठक' होते. बैठकीत नाना, डोंबिवलीहून खास येणारे भाऊकाका, माझा मेहुणा आणि अलीकडे मेहुण्याचा सोळा वर्षांचा मुलगा. मी जावई, म्हणजे मतदार. प्रत्येकजण माझ्याकडे बघून बोलतो.

नाना मार्क दोनवाले. गिलनचा गळा, ब्लॅकमोरची गिटार, लॉर्डचा ऑर्गन, ग्लोव्हरचा बेस आणि मागे पेसचे ड्रम. बँकेत आयुष्य गेल्यामुळे नाना सगळं तारखेनिशी सांगतात. 4 डिसेंबर 1971. स्वित्झर्लंडमधलं मोंत्रो. बँड तिथल्या कसिनोत रेकॉर्डिंग करायला गेलेला. आदल्या कार्यक्रमात फ्रँक झप्पा हा अमेरिकन रॉकवाला वाजवत असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि सगळा कसिनो जळाला. धूर तळ्यावर पसरला. त्यावरून त्यांचं 'स्मोक ऑन द वॉटर' हे जगप्रसिद्ध गाणं झालं, जे गिटारच्या क्लासला घातलेलं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात वाजवतं आणि दुसऱ्या आठवड्यात क्लास सोडतं. मग बंद पडलेल्या एका हॉटेलात, भिंतींना गाद्या टेकवून, त्यांनी तो अल्बम पुरा केला.

हे सगळं नाना असं सांगतात की जणू एक गादी त्यांनी स्वतः धरली होती. वास्तविक त्या रात्री नाना दादरला खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवत होते. आदल्याच दिवशी पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं होतं आणि मुंबईत ब्लॅकआउट होता. "तिकडे उजेड होता तेव्हा इकडे अंधार होता," असं नाना म्हणतात. यात काय सिद्ध होतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण या वाक्यानंतर सगळे क्षणभर गप्प बसतात, म्हणून मीही बसतो.

त्यानंतर येतो आवाजाचा मुद्दा. 1972 साली लंडनच्या रेनबो थिएटरात या लोकांनी 117 डेसिबलपर्यंत आवाज नेला, तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले, आणि गिनेस बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली. नानांचा ऊर भरून येतो. आतून सासूबाई म्हणतात, "विसर्जनाच्या दिवशी आपल्या नाक्यावर या म्हणावं. वरण ढवळलं तरी लाटा येतात."

भाऊकाका हे सगळं डोळे मिटून ऐकतात, कारण त्यांची पाळी पुढे असते. ते मार्क तीनचे. 1973 मध्ये गिलन आणि ग्लोव्हर गेले, आणि गायक म्हणून आला डेव्हिड कव्हरडेल. हा पोरगा त्याआधी इंग्लंडच्या उत्तरेला रेडकार नावाच्या गावात कपड्यांच्या दुकानात काम करत होता. भाऊकाकांनी स्वतः चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात ठाणं फाडलं आहे. त्यामुळे त्यांची निष्ठा मला अगदी समजते. "काउंटरमागून थेट स्टेजवर!" असं ते म्हणतात तेव्हा त्यांचा उजवा हात नकळत मीटर मोजल्यासारखा लांब होतो.

आणि मग कॅलिफोर्निया जॅम. 6 एप्रिल 1974, ऑन्टारिओ नावाच्या गावातला मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक, दोन लाखांवर माणूस. आयोजक म्हणाले, स्टेजवर चला. ब्लॅकमोर म्हणाला, अंधार पडल्याशिवाय चढणार नाही. भाऊकाकांच्या मते हा मुहूर्त पाळणारा माणूस. शेवटी चढला, वाजवलं, आणि कॅमेरा फार जवळ आला म्हणून त्याने गिटार त्या कॅमेऱ्यात खुपसली. वर अॅम्प्लिफायरचा स्फोट करवला तो वेगळाच.

"याला वेड लागणं म्हणतात," नाना.

"याला शिस्त म्हणतात," भाऊकाका.

गंमत अशी की ब्लॅकमोर मार्क दोनमध्येही होता आणि तीनमध्येही. म्हणजे माणूस तोच, पण नानांच्या लेखी 1973 पर्यंत तो अवलिया आणि नंतर विक्षिप्त. भाऊकाकांच्या लेखी नेमकं उलटं. एकाच आमदाराबद्दल पक्षांतराआधी आणि नंतर जे बोललं जातं, ते इथे गिटारवाल्याच्या वाट्याला आलं आहे.

माझा मेहुणा दोघांनाही 'इतिहासजमा' म्हणतो. तो नंतरच्या गिटारवाल्याचा, स्टीव्ह मोर्सचा, भक्त. ब्लॅकमोर 1993 च्या नोव्हेंबरात, दौरा अर्ध्यावर टाकून, कायमचा गेला. जपानच्या कार्यक्रमांना जो सॅट्रियानी नावाच्या गिटारवाल्याने वेळ निभावून नेली, मग मोर्स आला. हा नवा संच 1995 मध्ये थेट मुंबईत येऊन वाजवून गेला. मेहुणा तेव्हा नववीत होता आणि तो तिथे होता. त्या तिकिटाचं अर्धुक त्याच्या पाकिटात अजून आहे. त्यावरची शाई पार उडाली आहे. आता ते लॉन्ड्रीची पावती म्हणूनही खपेल, पण वाद तापला की तो ते टेबलावर ठेवतो, कोर्टात पुरावा ठेवतात तसं.

नाना त्या कार्यक्रमाला गेले नाहीत. शेजाऱ्यांनी तिकीट आणून दिलं होतं तरी. "ब्लॅकमोर नाही. देवच जागेवर नाही तर देवळात जाऊन प्रदक्षिणा कुणाला घालायची?" असं तेव्हा म्हणाले आणि अजून म्हणतात. सासूबाईंनी मला एकदा हळूच सांगितलं की त्या संध्याकाळी नाना दर पाच मिनिटांनी गॅलरीत जात होते. वारा त्या बाजूचा आहे का, ते बघायला. अंधेरी ते ठाणे!

नातू म्हणजे निव्वळ उपद्रव. तो दर महिन्याला संच बदलतो. मध्यंतरी तो मार्क एकवाला झाला होता. "रॉड इव्हान्स अंडररेटेड आहे," असं तो म्हणाला आणि नानांच्या घशात पापड अडकला. झालं होतं असं की मधल्या काळात, 1976 ते 1984, बँड बंदच होता. ती संधी साधून 1980 साली या पहिल्या गायकाने भलतीच चार माणसं गोळा केली आणि डीप पर्पल म्हणून अमेरिकेत कार्यक्रम लावले. लोकांनी तिकिटं काढली, पडदा वर गेला, आणि बघतात तर एक सोडून बाकी सगळे अनोळखी. प्रकरण कोर्टात गेलं, जुन्या रेकॉर्डींचं मानधनही इव्हान्स गमावून बसला. नाना याला एकच शब्द वापरतात: तोतया. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पुण्यावर चालून आला, त्या रागाने वापरतात. नातवाने पुढच्या महिन्यात मार्क नऊ धरला. त्या संचाचा 2024 चा अल्बम त्याने मोबाइलवर दाखवला. नाव: बरोबरचं चिन्ह आणि पुढे एक. नानांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "बाकी गणित कुठे आहे?"

या सगळ्यात माझी भूमिका काय? लग्नानंतर पहिलं वर्ष मी मान डोलावण्यावर काढलं. बायकोने कानमंत्र दिला होता, "काही विचारलं तर पाणी पी." दर रविवारी मी चार तांबे पाणी पीत असे. पण दिवाळसणाला नानांनी सरळच विचारलं, "जावईबापू, तुमचा कुठला मार्क?"

मी हिशेब केला. संच नऊ. कुणालाही न दुखवता मधला घ्यावा. एक ते नऊचा मध्य पाच. मी म्हणालो, "मला विचाराल तर मार्क पाच."

त्या घरात त्याआधी आणि त्यानंतर अशी एकी झालेली मी पाहिलेली नाही. नाना आणि भाऊकाका पहिल्यांदा एका सोफ्यावर बसले. मेहुण्याने आपलं तिकीट मुकाट्याने पाकिटात घातलं. मला नंतर कळलं की मार्क पाच म्हणजे गायक जो लिन टर्नर, 1990 चा एकुलता एक अल्बम. टर्नर आधी ब्लॅकमोरच्याच रेनबो या दुसऱ्या बँडमध्ये गात होता, म्हणून चाहत्यांनी त्या संचाला डीप रेनबो असं नाव ठेवलं. म्हणजे नऊ संचांतला जो एकमेव संच या घरात कुणाचाच नव्हता, तो मी हिशेब करून, अचूक मध्यावरून उचलला होता. दिवाळसणाची अंगठी मिळाली, पण आशीर्वाद जरा तोंडदेखले होते.

मग मी अभ्यासाला लागलो. रात्री जागून मी एक अस्त्र शोधून काढलं. मार्क दोनचं 'चाइल्ड इन टाइम' हे नानांचं आराध्य गाणं. त्याची ऑर्गनवरची सुरुवातीची चाल आली आहे सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या 1969 च्या एका धूनवरून, आणि त्या धूनचं नाव आहे 'बॉम्बे कॉलिंग'! मला वाटलं, मुंबईचं नाव आलं की सगळे विरघळतील. मी ते पुढच्या रविवारी पेश केलं.

नाना पांढरे पडले. "म्हणजे चोरी?"

"तसं नाही, त्या बँडनेही बदल्यात डीप पर्पलची एक धून उचलली होती," मी घाईघाईने सांगितलं.

"मग ते साटंलोटं झालं," भाऊकाका म्हणाले. "आपल्या आजोबांचं नव्हतं का? ते निभावलं की."

त्यावरून आजोबांचं निभावलं की नाही, हा वाद सुरू झाला. मटण त्या दिवशी तीन वाजता पानात पडलं.

सासूबाईंचं मत कुणी विचारत नाही, म्हणून एकदा मी विचारलं. त्या कणीक मळत होत्या. "मला त्यातला तो पेटीवाला आवडायचा," त्या म्हणाल्या. जॉन लॉर्ड. हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवणारा माणूस. "बाकीचे आरडाओरडा करायचे, पण हा बोटं सोडत नसे. 2002 साली त्याने बँड सोडला आणि दहा वर्षांनी गेला बिचारा. त्या दिवशी यांनी खिचडीच टाकायला सांगितली होती." मग कणकेला शेवटचा तेलाचा हात लावून म्हणाल्या, "दोघंही भाऊ त्या दिवशी भांडले नाहीत. मलाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं."

गेल्या रविवारी मात्र प्रकरण टोकाला गेलं. दोन मतं नानांकडे, म्हणजे ते आणि त्यांची रेकॉर्ड, असं ते मोजतात. भाऊकाका एक, मेहुणा एक. नातू तटस्थ, कारण त्याने त्या महिन्यात दुसराच बँड धरला होता. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तांब्यात पाणी नव्हतं. बायको माहेरच्या मैत्रिणीकडे गेली होती.

मी घसा साफ केला. "माझं मत इयन पेसला," मी म्हणालो. "संच वगैरे सोडा. 1968 पासून आजपर्यंत सगळ्या नऊ मार्कांत हजर असलेला एकच माणूस. गायक आले-गेले, ब्लॅकमोर दोनदा निघून गेला, लॉर्डही थकला. हा डावखुरा माणूस गोल चष्मा लावून मागे बसून ठेका धरून आहे."

कुणी बोलेना. स्वयंपाकघरातून शिट्टीसुद्धा आली नाही. नानांनी हळूहळू मान हलवली. भाऊकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मेहुणा म्हणाला, "मान्य." लग्नानंतर प्रथमच मला त्या घरात जावई असल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी भाताचं पातेलं उतरवून टेबलावर आणलं. आम्ही उठून हात धुवायला निघालो.

बेसिनपाशी नाना थबकले. नळ तसाच चालू.

"पेस ठीक आहे," ते म्हणाले. "पण कुठल्या मार्कमधला पेस?"

भाऊकाकांनी टॉवेल खाली ठेवला. मेहुण्याचा हात पाकिटाकडे गेला. सासूबाईंनी एक शब्द न बोलता पातेलं उचललं आणि परत आत नेऊन गॅसवर ठेवलं.