आवाज कमी करा म्हणालो, एवढंच

"आवाज जरा कमी करता का?" एवढंच म्हणालो होतो मी. त्यावर समोरच्या बाईंनी फोनवर चाललेल्या मालिकेवरची नजर न हलवता सांगितलं, "दोन मिनिटं थांबा भाऊ, ती आत्ता जिना उतरतेय." कर्जतला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागले, वडेवाले येऊन गेले, गाडी घाट चढायला लागली. ती अजून जिना उतरतच होती.

डबा मुंबईहून पुण्याला निघालेल्या दमल्याभागल्या लोकांचा. वाटलं, कुणीतरी माझी बाजू घेईल. कसलं काय! खिडकीजवळचे गृहस्थ म्हणाले, "असू द्या हो, मीही ऐकतोय." मागून एका मुलीने "काकू, थोडा वाढवा ना" अशी फर्माईश केली आणि मला सल्ला दिला, "काका, तुम्ही हेडफोन घाला." म्हणजे मालिका यांची आणि कान मी बुजवायचे!

पण खरा प्रयोग घाटात सुरू झाला. बोगदा आला की रेंज जायची, चित्र गोठायचं आणि बाई सूत्रं हातात घ्यायच्या. "आता थोरली म्हणणार, हे दागिने माझ्या आईचे आहेत. मग सासूबाई देवघराकडे बघणार. मग धाकटी मनातल्या मनात बोलणार, पण मोठ्याने." बोगदा संपला, रेंज आली, फोनवरचं चाक फिरायचं थांबलं आणि थोरली म्हणाली, "हे दागिने माझ्या आईचे आहेत!" सासूबाईंनी देवघराकडे पाहिलं. खिडकीवाल्या गृहस्थांनी चक्क टाळी वाजवली.

"तुम्ही हा भाग आधी पाहिलाय का?" मी विचारलं.

"छे हो. ही मालिका मी बघतच नाही. माझी साडेआठची. ही आमच्या जाऊबाई बघतात."

"मग कळतं कसं?"

"त्यात कळायचंय काय? दागिने हरवलेत म्हटल्यावर देवघर येणारच. आता पुढच्या बोगद्यात ती चक्कर येऊन पडेल."

पडली. बाईंनी साधं वर बघूनही घेतलं नाही. पुढच्या बोगद्यात त्यांनी डॉक्टर आणला, त्याच्या पुढच्यात गोड बातमी.

दूरदर्शनवर 1984 साली 'हम लोग' आली, दीडशेहून थोड्या जास्त भागांत माणसांची सुखदुःखं सांगून गेलीसुद्धा. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' 2001 साली सुरू झाली आणि तिचे हे चार दिवस 2013 उजाडल्यावर संपले. भाग झाले तीन हजारांवर. आता अर्ध्या तासातली सहा मिनिटं जाहिरातींची, थोडी कालच्या भागाची, थोडी उद्याच्या भागाची. उरलेल्यात जिना. गुरुवारी टीआरपी येतो, आकडा पडला की घरातल्या कुणाची तरी स्मृती जाते. जिची जाते तिचा मला हेवा वाटतो.

बरं, मालिका बघा, माझं काही म्हणणं नाही. माझी आईही बघते, भाजी निवडत, अर्ध्या संवादांना "हो का गं बाई" अशी उत्तरं देत. पण ती स्वतःच्या घरात बघते. चार पैशांचे इअरफोन मिळतात, ते कानात घालायला लोकांना एवढं जड का जातं? रेल्वे म्हणते, रात्री 10 नंतर गोंगाट नको. 10 ला आम्ही घरी जेवून हात धुतलेले असतो! संध्याकाळी सातला माणसाला कान नसतात का? हे मी मोठ्याने बोललो नाही. मालिकेत असतो तर मनातल्या मनात बोललो असतो आणि सगळ्या डब्याला ऐकू गेलं असतं.

लोणावळा गेलं आणि बाईंच्या फोनची बॅटरी तीन टक्क्यांवर आली. सगळ्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्या पॉवर बँककडे, मग माझ्याकडे. मालिकेत तिघींच्या चेहऱ्यांवर फिरणारा कॅमेरा आता माझ्यावर होता. "काका, प्लीज," मागून आवाज आला. दिली पॉवर बँक. केबलसकट.

शिवाजीनगरला बाई घाईघाईत उठल्या, पॉवर बँक माझ्या मांडीवर ठेवली, "उद्या धाकटीचा बाप परत येतो बघा, मेला नाहीये तो," असं सांगून उतरल्या. केबल त्यांच्या फोनलाच लटकत गेली. जाड, कापडी वेष्टणाची, लांब केबल होती. घरातली तेवढी एकच धड चालणारी.