दहा मीटरवरची जागा

कोल्हापूरच्या आमच्या शाळेतली एक रिकामी खोली एअर रायफलच्या नेमबाजीच्या रेंजला द्यायची का, यावरून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पंधरा दिवस भांडण चालू आहे. पोरांच्या हातात बंदुका कशाला, हे एक. श्रीमंतांचे चोचले, हे दुसरं. आणि बाजूनं बोलणाऱ्यांचं तिसरं: “पदक येणार असेल तर देऊ की.” मला सगळ्यात जास्त चीड या तिसऱ्याची आली.

श्रीमंतांचे चोचले असं निदान कोल्हापुरात बसून तरी म्हणू नये. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. सरकारी क्रीडा प्रबोधिनीत शिकला, रेल्वेत नोकरीला लागला आणि 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ त्यानं 451.4 गुणांवर घेतलं. रायफल महाग असते, मान्य. पण ती ज्याची त्याची कशाला हवी? जर्मनीत बायर्न राज्यात मी राहतो, त्या गावच्या नेमबाजी क्लबात 6 रायफली कपाटात आहेत, जॅकेटं आहेत, वर्गणी वर्षाला 60 युरो. रेंज म्हणजे गावातल्या गास्टहाउसचं, म्हणजे खाणावळीचं, तळघर.

बंदुकांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या विनेंडेनला एका मुलानं बापाचं पिस्तूल नेऊन आपल्या जुन्या शाळेत माणसं मारली. बाप नेमबाज, पिस्तूल कुलपात नव्हतं. त्यानंतर जर्मनीनं कायदा आवळला, नेमबाजांच्या घरी न सांगता येऊन बंदुकांची कपाटं तपासायला सुरुवात केली. क्लबांना टाळं लावलं नाही. आजही स्वतःची पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची छोटी रायफल, घ्यायची तर आधी वर्षभर नियमानं क्लबात यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. ग्रुपवर हे लिहिलं तर एकानं उत्तर दिलं, “तुमच्या जर्मनीचं सांगू नका.” तुमच्या! ते अजून मनातून जात नाही.

तळघरात काय चालतं ते तरी ऐका. दहा मीटरवरच्या निशाणाच्या मधला, दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, श्वास थोडा सोडायचा, ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा. रायफल डोलतेच. आता थांबेल, मग थांबेल म्हणत राहिलं की डोळा थकतो आणि छर्रा आठात जातो. अशा वेळी न मारता रायफल खाली घ्यायची, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. पोराला शाळेत याहून चांगलं काय शिकवणार आहात?

शेजारच्या लेनवर 71 वर्षांचे एक सुतार आहेत, आधारावर रायफल टेकवून मारतात. त्यांना पदकाचं कुणी विचारत नाही. मलाही नाही, मी 40 शॉटला 400 पैकी 362 मारणारा माणूस. शुक्रवारी दुसऱ्या क्लबाशी सामना असला की टीममध्ये चौथा लागतो, म्हणून मी लागतो. क्योनिगशीसन, म्हणजे क्लबाचा राजा ठरवायची स्पर्धा, तिथं एकाच छर्र्यावर राजा ठरतो. गेल्या वर्षी तिसरा आलो, ब्रेझनची (पिळाच्या पावांची) माळ गळ्यात पडली आणि बँडमागून गावभर चाललो. इतकी वर्षं या गावात राहून लोकांनी मला नावानं हाक मारली ती या क्लबात आल्यावर. स्वप्नीलचं पदक आलं, तेव्हा ऑगस्टची सुट्टी संपून क्लब उघडल्याबरोबर सुतारबाबांनी माझाच हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

कारण त्यात माझं काही नव्हतं. 2010 ला आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या रायफल प्रकारात, विश्वविजेती झाली. मी तेव्हा म्युनिकमध्येच राहत होतो, ती झाली ती होखब्र्युकची रेंज यू-6 मेट्रोनं अर्ध्या तासावर. मला ते दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवरून कळलं. आणि लहानपणी कोल्हापुरात दुधाळीची नेमबाजीची रेंज घरापासून सायकलनं दहा मिनिटांवर होती. एकदाही आत डोकावलो नाही. तिथं आपलं काय काम, असंच घरात सगळ्यांना वाटायचं, मलाही.

डिसेंबरात कोल्हापूरला गेलो तेव्हा मुद्दाम गेलो दुधाळीला. दारातल्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपुलकीनं विचारलं, “पोरगं कितवीला हाय?”

मला शिकायचंय, मला इथं उभं राहून चार शॉट मारायचेत, हे मराठीत सांगायला मी शब्द जुळवत राहिलो.